सहीसाठी मुंबई कशाला? उच्च शिक्षणमंत्र्यांना कोकणातून खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, उच्च व तंत्रशिक्षण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : निकालातील दुरुस्ती जिल्ह्यातच होईल, या आश्वासनाबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार.

निकालातल्या चुका यापुढे जिल्ह्यातच दुरुस्त होतील, कोकणातल्या मुलांना त्यासाठी मुंबई विद्यापीठात जायला गाडी धरावी लागणार नाही, असा शब्द आम्हाला मागच्या वर्षी मिळाला होता. यंदा निकाल लागला. पुन्हा कितीतरी मुलांच्या नावापुढे ‘राखीव’ आले आणि विद्यापीठाकडून फोनवर उत्तर मिळाले ते जुनेच : मुलाला मूळ कागद घेऊन इकडे पाठवा. म्हणून हे पत्र. आम्ही रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या महाविद्यालयांत परीक्षेचे आणि कार्यालयाचे काम करणारी माणसे आहोत. तक्रार करण्याची आम्हाला हौस नाही. पण निकालाच्या दिवशी मूल खिडकीशी येऊन उभे राहते तेव्हा त्याला उत्तर आम्हालाच द्यावे लागते, आणि आमच्याकडे उत्तर नसते.

‘राखीव’ म्हणजे मूल नापास नाही आणि पासही नाही. त्याचे गुण कुठेतरी अडकले आहेत. कारण बहुतेक वेळा अगदी किरकोळ असते. बारकोडचे एक स्टिकर उत्तरपत्रिकेवर लागते आणि त्याचाच जोडीदार हजेरीपत्रकावर मुलाच्या सहीशेजारी. शेजारच्या दोन बाकांवरच्या स्टिकरची अदलाबदल झाली, की एकाचे गुण दुसऱ्याच्या नावावर जातात. आसन क्रमांकाचा एक गोल चुकीचा भरला, की पेपर लिहून गेलेले मूल गैरहजर दिसते. अंतर्गत गुण भरायचे पोर्टल रात्री बारा वाजता बंद होते. त्या रात्री वादळी पावसाने वीज गेली असेल, तर एका अख्ख्या वर्गाचा रकाना रिकामा राहतो. आणि आता क्रेडिट बँकेचा, म्हणजे मुलाने मिळवलेली क्रेडिट ज्या ऑनलाइन खात्यात जमा होतात त्याचा, आयडी. तो आधारवरून निघतो. आधारवर ‘सावंत’ इंग्रजीत डब्ल्यूने लिहिलेले आणि बारावीच्या गुणपत्रिकेवर व्हीने, एवढ्या एका अक्षरासाठी खाते जुळत नाही. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते, आधारवर शेवटी येते, तिथेही तोच घोळ.

यातली एकही चूक अशी नाही, की जी सोडवायला मुलाने स्वतः हजर राहावे. स्टिकरच्या चुकीला पाच कागद लागतात. त्या पेपरचे हजेरीपत्रक, ज्युनिअर सुपरवायझरचा अहवाल, हॉल तिकिटाची प्रत, मुलाचा अर्ज आणि प्राचार्यांचे पत्र. मुलाच्या हातात यातले फक्त हॉल तिकीट असते, बाकी सगळे आमच्या कपाटात. ते स्कॅन करून पाठवले, तर ‘मूळ प्रत पाहिजे’ म्हणतात. मूळ प्रत रजिस्टर पोस्टाने पाठवली, तर आवक क्रमांक मिळत नाही. आणि आवक क्रमांक नसेल, तर तो कागद या व्यवस्थेत जन्मालाच आलेला नसतो. पत्रात विषयाचा कोड चुकला असेल, तर ते महिन्याने कळते, तेही आपण होऊन फोन केला तर. शेवटी कंटाळून आई-बाप पोराला गाडीत बसवून देतात.

ती गाडी म्हणजे काय, तेही पाहा. सावंतवाडीहून मुंबई सुमारे 500 किलोमीटर. रात्रीचा जनरल डबा, सकाळी रांग, दुपारी जेवणाची सुट्टी, चार वाजता ‘साहेब मीटिंगला गेलेत’, आणि पुन्हा रात्रीचा प्रवास. मंडणगड, दापोली आणि गुहागर तालुक्यांत रेल्वे स्थानकच नाही. तिथल्या मुलाने आधी एसटीने खेड किंवा चिपळूण गाठायचे. मुंबईत नातेवाईक असेल तर एक रात्र निभते. नसेल तर फलाटावर. मुलीला एकटीला पाठवायला घरचे तयार नसतात, मग बाप मजुरी बुडवून सोबत जातो. एका स्टिकरसाठी दोन माणसांचे दोन दिवस, आणि काम त्या फेरीत होईलच याची खात्री नाही.

2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात स्पष्ट लिहिले आहे : परीक्षा संपल्यापासून 30 दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करायचा आणि कोणत्याही परिस्थितीत 45 दिवसांत लावायचा. उशीर झाला तर कारणांचा अहवाल द्यायचा. पण राखीव निकाल या हिशेबात कुठे मोजले जातात, हे आम्हाला कोणी दाखवलेले नाही. गॅझेट, म्हणजे निकालाची छापील यादी, वेळेत निघाले, की निकाल वेळेत लागला असे धरतात. ज्याच्या नावापुढे ‘राखीव’ आहे त्याचे 45 दिवस कधी सुरू होतात आणि कधी संपतात? आमची पहिली मागणी हीच आहे. निकाल जाहीर करताना राखीव किती, कोणत्या कारणाने आणि ते कोणत्या तारखेला सुटणार, हे महाविद्यालयवार प्रसिद्ध करा. हा आकडा लोकांसमोर आला, की निम्मी कामे आपोआप हलतील.

राखीव निकालाची झळ निकालापुरती राहत नाही. पदव्युत्तर प्रवेशाची तारीख निघून जाते. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्तीचे नूतनीकरण करताना मागच्या वर्षाचे गुण भरावे लागतात, ते नसले की अर्ज पुढे सरकत नाही. अर्ज नाही म्हणून शुल्कमाफी नाही, शुल्कमाफी नाही म्हणून पूर्ण फी भरा. आणि फी मागितली जाते ती जून-जुलैत. महोदय, 1 जून ते 31 जुलै समुद्रात यांत्रिक मासेमारी बंद असते. हर्णै, मिरकरवाडा, मालवणच्या घरांत त्या दोन महिन्यांत पैसा येत नाही, असलेला जाळी विणण्यात आणि होड्यांच्या डागडुजीत जातो. प्रवेशाचे वेळापत्रक ठरवणाऱ्या एकाही माणसाला हे ठाऊक नसावे, यावर आमचा विश्वास बसत नाही. ठाऊक आहे, पण विचारात घेतलेले नाही. फीचे दोन हप्ते करा आणि दुसरा ऑक्टोबरात घ्या. सरकारच्या तिजोरीला याचा एक रुपयाही तोटा नाही.

शिष्यवृत्तीच्या पैशांचे आणखी एक दुखणे सांगतो, कारण दरवर्षी त्याच खड्ड्यात मुले पडतात. हे पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यात जात नाहीत, आधार ज्या बँक खात्याला शेवटचे जोडले गेले त्या खात्यात जातात. मुलाने नवे सिमकार्ड घेताना दुकानदाराने अंगठा घेऊन एखादे पेमेंट बँकेचे खाते उघडून दिलेले असते. मुलाला ते माहीतही नसते. पोर्टलवर ‘रक्कम जमा’ दिसते, पासबुकात शून्य, आणि महाविद्यालय म्हणते आम्हाला फी मिळाली नाही. उपाय पाच मिनिटांचा आहे : आधारच्या संकेतस्थळावर जाऊन कोणती बँक जोडलेली आहे ते पाहायचे आणि आपल्या शाखेत अर्ज देऊन बदलून घ्यायचे. अर्ज भरण्याआधी हे प्रत्येक मुलाकडून करून घ्यावे, असे एक परिपत्रक काढायला काय लागते? तुमच्याकडून परिपत्रके तर रोज येतात.

फी थकली म्हणून काही ठिकाणी गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला अडवून ठेवतात. मूळ कागद अडवू नयेत, हे विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 मध्येच कळवले आहे. यात आमच्यातल्याही काहींचा दोष आहे आणि तो आम्ही लपवत नाही. पण शिष्यवृत्तीची थकबाकी वर्षानुवर्षे सरकारकडे ठेवून संस्थेने वीजबिल कशाने भरायचे, याचे उत्तरही तुमच्याच खात्याने द्यायचे आहे.

हजेरीचा 75 टक्क्यांचा नियम आम्हाला मान्य आहे. वर्गात न येणाऱ्याची बाजू आम्ही घेणार नाही. पण 22 जुलै 2021 ला चिपळूण पाण्याखाली गेले, ती तारीख अजून कोणी विसरलेले नाही. तेवढा पूर दरवर्षी येत नाही, पण रस्त्यावर दरड येणे आणि साकव बुडणे दरवर्षी होते. वस्तीची एसटी पहाटे सुटलीच नाही, तर गावातून यायला दुसरे वाहन नसते. आजारपणाला डॉक्टरचा दाखला चालतो. मग फेरी रद्द झाल्याचा आगारप्रमुखांचा दाखला का चालू नये? एका ओळीची दुरुस्ती आहे. ती झाली तर ब्लॅकलिस्टमध्ये, म्हणजे कमी हजेरीवाल्यांच्या यादीत, नाव आलेल्या मुलांच्या पालकांना ऐन परीक्षेच्या तोंडावर प्राचार्यांच्या दारात उभे राहावे लागणार नाही.

नव्या शैक्षणिक धोरणात मुलांना विषय निवडायची मोकळीक आहे, असे भाषणांत ऐकतो. मुंबईतल्या मोठ्या महाविद्यालयात ती असेलही. आमच्याकडे तीन विभाग, शिक्षकांच्या निम्म्या जागा रिकाम्या आणि तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक. कला शाखेच्या मुलाला ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे शाखेबाहेरचा ऐच्छिक विषय, म्हणून जो एक विषय शिकवायला माणूस आहे, तोच मिळतो. ऑन जॉब ट्रेनिंगचे 4 क्रेडिट म्हणजे 120 तास. ते कुठे करायचे? काजूचे कारखाने आहेत, आंबा कॅनिंग आहे, मच्छीमार सोसायट्या आहेत, पर्यटन आहे. कामे उत्तम आहेत, मुले खरोखर शिकतील. पण कॅनिंग चालते एप्रिल-मेमध्ये, नेमके परीक्षेच्या वेळी. मधल्या काळात कारखान्याला कुलूप असते. मग 120 तासांची वही घरी बसून भरली जाते आणि मालक ओळखीखातर सही देतो. हे खोटे आम्हाला दिसते आणि आम्ही त्यावर शिक्का मारतो, कारण नाही मारला तर मुलाचे वर्ष जाते. किनारपट्टीवरच्या महाविद्यालयांना हे तास परीक्षा संपली की मे महिन्यात घेऊन पुढच्या सत्रात धरण्याची परवानगी द्या. धोरणाच्या कागदावर जे लिहिले आहे, ते इथे खरे होऊ शकते.

दिव्यांग मुलांना तासाला किमान 20 मिनिटे जास्त द्यायची, हे केंद्राने 2018 मध्ये ठरवले. दोन तासांच्या पेपरला 40 मिनिटे. वेळ मिळतो, लेखनिक मिळत नाही. तो आदल्या संध्याकाळी आई शोधत असते. समुपदेशकाचेही तसेच. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत एक पात्र समुपदेशक हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये सांगितले. आमच्याकडे ते पद एखाद्या प्राध्यापकाच्या नावापुढे लिहिले जाते. बिचारा इतिहास शिकवतो आणि रडणाऱ्या मुलासमोर बसून राहतो.

मग तक्रार करा, असे सांगितले जाते. अनुदान आयोगाचे 2023 चे नियम आहेत : तक्रार निवारण समितीने 15 कामाच्या दिवसांत निकाल द्यायचा, तो पटला नाही तर 15 दिवसांत विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या लोकपालाकडे जायचे, त्यांनी 30 दिवसांत सोडवायचे. नियम चांगला आहे. पण गावातल्या मुलाला समिती कुठे बसते, तेच कळत नाही. तिच्या सदस्यांची नावे आणि अर्जाचा नमुना प्रत्येक महाविद्यालयाच्या फलकावर मराठीत लावा, आणि सुनावणी व्हिडिओवर घ्या.

2025 च्या दहावीत कोकण विभागाचा निकाल 98.82 टक्के होता आणि बारावीचा 96.74, दोन्ही राज्यात सर्वांत जास्त. दरवर्षी पेढे वाटताना पुढारी येतात, फोटो निघतात. त्याच मुलांचे पुढच्या तीन वर्षांत काय होते, हे बघायला कोणी येत नाही. ती मुंबईला जातात, मिळेल ते काम धरतात, आणि ‘कोकणातला माणूस चाकरमानी’ म्हणून पुन्हा तेच सगळे बोलतात. चाकरमानी तो आवडीने झालेला नाही. इथे राहून शिकणे अवघड करून ठेवले, म्हणून तो गेला.

कोकणासाठी स्वतंत्र विद्यापीठ हवे की नको, यावर इथे दोन मते आहेत, आमच्यातही आहेत. तो वाद चालू राहू दे. आज हवा आहे तो सहीचा अधिकार असलेला एक माणूस. विद्यापीठाच्या इथल्या उपकेंद्राची इमारत आहे, खुर्ची आहे, संगणक आहे. तिथल्या अधिकाऱ्याला राखीव निकाल तपासून दुरुस्त करण्याचा, पात्रता मंजूर करण्याचा आणि दुरुस्त गुणपत्रिका छापून देण्याचा अधिकार द्या. महाविद्यालयाने स्कॅन करून पाठवलेला, प्राचार्यांच्या सहीचा कागद ग्राह्य धरा. डिजिलॉकरमधली गुणपत्रिका कायद्याने मूळ प्रतीच्या बरोबरीची आहे, ती नाकारणाऱ्या खिडकीला लेखी कारण द्यायला लावा. आणि निकालानंतरचा पहिला महिनाभर हा अधिकारी आठवड्यातून एक दिवस दापोलीत आणि एक दिवस कुडाळला बसू दे.

पुढच्या सत्राचे अर्ज आता सुरू होतील. ज्या मुलांचे निकाल राखीव आहेत त्यांना तात्पुरता प्रवेश द्यावा, असे पत्र या आठवड्यात निघाले नाही, तर त्यांचे वर्ष गेलेच.

हे पत्र ईमेलनेही पाठवत आहोत आणि रजिस्टर पोस्टानेही. त्याचा आवक क्रमांक कृपया कळवावा.

आपले,
रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या परीक्षा विभागांत काम करणारे काही प्राध्यापक व कर्मचारी