गार्चिंगला होकार कळवलाय

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर सांगितलं असतं तर आई गप्प झाली असती, म्हणून पत्र. म्युनिकजवळ गार्चिंगला, माक्स प्लांकच्या क्वांटम ऑप्टिक्स संस्थेत दुसरा पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरची ठराविक मुदतीची संशोधनाची नोकरी) घेतेय. दोन वर्षांचा.

बाबा, ‘काम कॉम्प्युटरवरच ना, मग इथून कर’ हे तुमचं अर्धं बरोबर आहे. प्रोग्रॅम घरून चालतो. खरी डोकेदुखी उत्तर आल्यावर सुरू होते. मी शोधते ती खूप स्पिनांची, म्हणजे अणूंमधल्या इवल्याशा चुंबकांची, सगळ्यात कमी ऊर्जेची अवस्था. ३० स्पिनांची अवस्था जशीच्या तशी मेमरीत ठेवायला १६ जीबी लागतात, पुढे दर स्पिनला दुप्पट. ५० स्पिनांना १६ हजार टीबीच्या वर! म्हणून १९९२ साली स्टीव्हन व्हाइट यांनी मांडलेली डीएमआरजी नावाची गणनपद्धत वापरते: महत्त्वाचं ठेवायचं, बाकीचं छाटायचं. पण ती कधीकधी भलत्याच खळग्यात, म्हणजे सगळ्यात कमी ऊर्जेची नसलेल्या अवस्थेत, अडकते. ऊर्जा हलेनाशी होते आणि वाटतं, झालं काम. मग वेगवेगळ्या अवस्थांपासून सुरुवात करून बघायची, पहिल्या काही फेऱ्यांत किंचित नॉइज (मुद्दाम केलेली गडबड) घालायचा, बाँड डायमेन्शन (किती माहिती राखायची तो आकडा) २००, ४००, ८०० असं चढवत न्यायचं. दर दुपटीला वेळ साधारण आठपट. एका मितीतली साखळी मी एकटी निभावते. दोन मितींत मात्र फळ्यापाशी उभं राहून ‘हे चुकलंय’ म्हणणारी माणसं लागतात, आणि ती तिथे आहेत.

परतच यायचंय. आयसर काय, टीआयएफआर काय, आपल्याकडच्या या संशोधन संस्था नोकरीच्या अर्जात स्वतःचा संशोधन आराखडा आणि शिफारसपत्रं बघतात. पहिलं वर्ष सरलं की अर्ज सुरू करेन. निर्णयाला महिनोन्‌महिने जातात.

आई, खोलीला स्वयंपाकघर आहे, डाळ-तांदूळ मिळतात. गोडा मसाला आणि मेतकूट तेवढं दे. ताप आला तर मऊ भात मीच करून खाईन, तू भरवायचीस त्याची सर नाही येणार. वेळेचा फरक उन्हाळ्यात साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार. तुमची जेवणं झाली की फोन करत जाईन.

आता ऐका. बाबा, बीपी चहाच्या आधी मोजायचं: पाच मिनिटं टेकून बसून, हात छातीच्या उंचीला, दोनदा. वहीत लिहायचं. ‘आज बरं वाटतंय’ म्हणून गोळी चुकवायची नाही. आई, स्टुलावर चढून माळ्यावरचं काही काढायचं नाही, नंदूला हाक मार.

आणि व्हिसासाठी डिग्री सर्टिफिकेट लागेल. कपाटात निळ्या फायलीत आहे. फोटो नको, मूळ प्रत कुरियर करा.

तुमची,
चिमी