त्या चौदा पिशव्या टाकू नकोस

प्रिय मित्रा,

परवा तुझं पत्र मिळालं. नवं घर, मागचं अंगण, मधोमध तो थोरला मेपल आणि कुंपणालगतचे दोन ओक, सगळं डोळ्यांसमोर उभं राहिलं. पण शेवटच्या चार ओळी वाचल्या आणि राहवेना, म्हणून लगेच लिहायला बसलो. रविवार अख्खा पानं गोळा करण्यात गेला, चौदा पिशव्या भरल्या, आता नेऊन टाकायच्या नाहीतर सरळ पेटवून द्यायच्या, असं लिहिलं आहेस. अरे, थांब जरा. निदान हे पत्र वाचून होईपर्यंत तरी त्या पिशव्यांना हात लावू नकोस.

पेटवायचं तर मनातूनच काढून टाक. पडलेली पानं बहुतेक वेळा आतून ओलसर असतात. ती नीट जळत नाहीत, तासन् तास धुमसतात. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि थेट छातीत उतरणारे बारीक कण असतात. वहिनींना दम्याचा त्रास आहे, हे तुला मी सांगायला नको.

उपयोगाचं पुढे सांगतोच. आधी मला सांग, दंताळं हातात घेण्याआधी तू त्या मेपलखाली नुसता उभा राहिलास का? नसशील राहिला तर उद्या सकाळी ऊन वर आल्यावर जा आणि मान वर करून बघ. दिवस लहान होऊ लागले की झाडाला हंगाम संपत आल्याचं कळतं. मग पानातलं हरितद्रव्य मोडायला लागतं. ते ओसरलं की खालचा पिवळा आणि नारिंगी रंग उघडा पडतो. हे रंग उन्हाळाभर तिथेच असतात, हिरव्याखाली झाकलेले. लाल रंगाचं मात्र वेगळं आहे. तो झाड याच दिवसांत, पानात उरलेल्या साखरेतून, नव्याने तयार करतं. म्हणून दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारठा, पण पाणी गोठेल इतका नाही, असे आठ-दहा दिवस लागून आले की लाल रंग खुलतो. एखाद्या वर्षी तेच झाड फिकं का दिसतं, याचं कारण बरंचसं या हवेतच असतं.

मग खाली पडलेलं एक पान उचल आणि देठाचं टोक बघ. तुटल्यासारखं नसतं ते, कापून घेतल्यासारखं गुळगुळीत असतं. पान गळायच्या आधी झाड देठाच्या बुडाशी एक पातळ थर तयार करतं आणि पान तिथेच सुटतं. आता फांदीवर ते पान जिथे होतं ती जागा शोध. छोटासा व्रण दिसेल, त्यात ठिपके दिसतील. पानाला पाणी पोचवणाऱ्या नळ्या तिथे होत्या. आणि व्रणाच्या लगेच वर, मोहरीएवढा, घट्ट मिटलेला पुढच्या वर्षीचा कोंब. तो उन्हाळ्यातच तयार झालेला असतो. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा किती तरी वेळ ती फांदी हातात धरून उभा होतो.

आता तुझ्या चौदा पिशव्या. पान सोडण्याआधी झाड त्यातलं नत्र काढून घेतं, साधारण निम्मं तरी. उरतो तो मुख्यतः कर्ब. म्हणून नुसती सुकी पानं हिरव्या कचऱ्यासारखी तापून झटपट कुजत नाहीत. त्यांना बुरशी सावकाश खाते, थंडपणे. त्यातून जे तयार होतं त्याला मी पानमाती म्हणतो. खत म्हणून ती फार जोरकस नाही, पण पाणी धरून ठेवण्यात तिचा हात धरणारं दुसरं काही मला ठाऊक नाही. चिकण माती तिने भुसभुशीत होते, रेताड मातीत ओल टिकते.

माझं पहिलं वर्ष वाया गेलं ते सांगतो, म्हणजे तुझं जाणार नाही. मी कोरडी पानं प्लॅस्टिकच्या पिशव्यांत ठासून भरली, तोंडं करकचून बांधली आणि घरामागे रचून ठेवली. वर्षाने उघडली तर पानं जशीच्या तशी, कुरकुरीत! ना पाणी, ना हवा, मग बुरशी वाढणार कशी? फार वाईट वाटलं. मग त्याच पिशव्यांत बादलीभर पाणी ओतलं, पानं चांगली हलवली, पिशव्यांना जागोजागी भोकं पाडली आणि तोंडं सैल बांधली. पुढच्या वर्षी त्यातली एक उघडली तो क्षण अजून आठवतो. वर थोडी पानं ओळखू येत होती. खाली हात घातला तर पांढऱ्या धाग्यांनी एकमेकांना धरलेले काळपट थर, आणि त्याच्याही खाली काळीभोर, हाताला गार लागणारी, चिमटीत सहज चुरणारी माती. वास पावसानंतरच्या रानाचा. त्यातच एका पानाच्या नुसत्या शिरा उरल्या होत्या. मधलं सगळं खाल्लेलं, जाळी मात्र शाबूत. ती मी अलगद उचलून वहीत ठेवली, आजही आहे.

तुझ्याकडे जागा आहे, तेव्हा पिशव्यांची गरजच नाही. चार खुंट ठोक, भोवती तारेची जाळी गुंडाळ, मीटरभर लांब-रुंद पुरे. पानं टाकताना प्रत्येक थरावर पाणी मार आणि पायाने हलकं दाब. जमलं तर आधी गवत कापायचं यंत्र पानांवरून फिरव, तुकडे झाले की काम निम्म्या वेळात होतं. तुझ्या ओकची पानं चिवट, त्यांना तर हे हवंच. वर्षभरात झाडांच्या बुडाशी पसरण्याजोगा भरड माल मिळतो. दोन वर्षं धीर धरलास तर चाळून त्यात बी पेरता येतं. माझी सगळी रोपं आता तशाच मातीत उगवतात.

तेवढा धीर नसेल तर यंत्राने बारीक केलेली पानं आत्ताच वाफ्यांवर चार बोटं जाड पसर, फक्त खोडाला टेकवू नकोस, तिथे ओल राहून साल कुजते. गवतावर पातळ थर असेल तर यंत्र फिरवून तिथेच जिरू दे. जाड, ओला थर मात्र काढायलाच हवा, त्याखाली गवत गुदमरतं. आणि दोन-तीन पिशव्या कोरड्या ठेव, स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यासाठी. एक भाग ओला, तीन भाग पानं असं घातलं की ढिगाला वास येत नाही.

पायऱ्यांवरची आणि गटारावरची पानं बिनदिक्कत उचल. ओली पानं पायाखाली साबणासारखी निसटतात. रस्त्याकडेची पानं भाजीच्या वाफ्यात नकोत, त्यांत गाड्यांचं तेल-घाण असते. रोगट पानंही वेगळी काढ. शेजाऱ्याचं काळं अक्रोड असेल तर त्याची पानं टोमॅटोजवळ नेऊ नकोस, टोमॅटोला ती बाधतात.

एक कोपरा मात्र अजिबात झाडू नकोस, ही माझी विनंती समज. काही पतंगांचे कोश पानांत गुंडाळलेले जमिनीवर पडून असतात, भुंगमाशीची, म्हणजे जाडजूड केसाळ बंबलबीची, राणी पाचोळ्याखाली मातीत शिरून थंडी काढते. आणि एखाद्या दमट रात्री, थंडी कडक होण्याआधी, टॉर्चवर लाल कागद लावून त्या कोपऱ्यात जा. पाऊल हलकं टाक. गांडूळ शेपटीने बिळाला धरून अर्धं बाहेर येतं, चाचपत पान शोधतं आणि हळूहळू आत ओढतं. डार्विनने 1881 साली हे लिहून ठेवलं आहे. त्याने बिळांतून ओढून काढलेली 227 सुकी पानं तपासली, त्यातली 181 टोकाकडून आत नेलेली होती. अरुंद बाजू आधी, म्हणजे बिळात अडकत नाही! हे वाचल्यावर मीही बघू लागलो. पान सरकताना येणारा तो बारीक खसखस आवाज ऐकशील तेव्हा मला आठव.

लेकीला यात घे. तिला सांग, सगळ्यात लाल अशी दहा पानं निवड. ओली असतील तर पुसून वर्तमानपत्राच्या घड्यांत ठेवा, वर जड पुस्तकं, पहिले काही दिवस कागद बदला. दोन आठवड्यांत पानं सपाट, कोरडी होतील. रंग हळूहळू उतरतोच, म्हणून मेणबत्तीच्या वितळलेल्या मेणात बुडवून ठेवली तर बरेच दिवस छान राहतात. मेण तू हाताळ, तिच्याकडे देऊ नकोस. आणि पान पालथं ठेवून वर कागद, त्यावर आडवा खडू घासला की एकेक शीर उमटते. माझ्या पुतणीने असे चाळीस कागद केले. आता झाडाकडे न बघता नुसत्या शिरांवरून ती ओक कुठला नि बीच कुठला ते सांगते.

जाळी उभी केलीस की पहिल्या दिवशी ढिगाची उंची काठीवर खूण करून ठेव. ढीग भराभर बसत जातो, बघणाऱ्याला खरंच वाटत नाही. माझी यंदाची पहिली खूण छातीपर्यंत आली आहे. तुझी कुठवर आली ते कळव.

वहिनींना नमस्कार, लेकीला गोड पापा. आणि दहांतलं एक पान मला पाठवायला सांग तिला, पाकिटात मावेल असं.

तुझाच,
जुना मित्र