चिंगीच्या मानेतली खीळ : पशुपालन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय पशुपालन मंत्री,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ

माननीय महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी इंदूरच्या रामबागेत राहते. आमच्या घराची इथली ही चौथी पिढी. पत्र मराठीत लिहिते आहे, कारण कुत्री पाळणाऱ्या इथल्या मराठी घरांनीही ते वाचावं असं वाटतं. हिंदी प्रत आपल्या कार्यालयाला टपालाने पाठवली आहे. मागणी एकच आहे. कुत्र्याच्या मानेच्या सांध्याला इजा झाली तर त्याची शस्त्रक्रिया इंदूरजवळच्या महूच्या सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयात व्हावी, आणि तिथपर्यंत ते जनावर जिवंत पोचावं.

आमची चिंगी म्हणजे पॉमेरेनियन जातीची चिमुकली कुत्री. तेव्हा दहा महिन्यांची होती, वजन जेमतेम अडीच किलो. दिवाणावरून उडी ती रोजच मारायची. त्या संध्याकाळी मात्र खाली टेकताच अशी किंचाळली की शेजारच्या काकू ओटल्यावरून धावत आल्या. मान ताठ, डोळे फक्त इकडून तिकडे फिरतायत. दुधाची वाटी खाली ठेवली तर वास घ्यायची, पण तोंड खाली नेईना. वाटी हातात धरून तोंडाशी नेली तेव्हा चाटून पुसून प्याली.

जवळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तिची मान डावीउजवीकडे वळवून पाहिली, मग हनुवटी छातीकडे दाबली. "लचक भरली आहे" म्हणाले, दुखण्याचं इंजेक्शन दिलं. रात्री तिच्या पायांत पाय अडकू लागले. सकाळी पुढचा पंजा उलटा टेकवून उभी राहिली आणि कोसळली. त्या डॉक्टरांचा मला राग आला, अजूनही येतो. पण असं जनावर त्यांच्यापुढे क्वचितच येत असणार, हेही कळतं. म्हणून त्यांचं नाव लिहीत नाही.

दुसऱ्या डॉक्टरांनी मानेला हात लावला नाही. आधी घरून ताठ पुठ्ठा मागवला, चिंगीला त्यावर कुशीवर निजवून पट्ट्यांनी बांधलं आणि तसाच एक्स-रे काढला. फिल्म खिडकीच्या उजेडात धरून त्यांनी मला जे समजावलं ते आपल्यापर्यंत पोचवते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

मानेचा पहिला मणका म्हणजे अ‍ॅटलास, दुसरा अ‍ॅक्सिस. इतर मणक्यांमध्ये असते तशी गादी या दोघांमध्ये नसते. दुसऱ्या मणक्यातून दातासारखं एक टोक पुढे येतं आणि पहिल्या मणक्याच्या कड्यात बसतं, बिजागरीतल्या खिळीसारखं. कुत्रा डोकं डावीउजवीकडे वळवतो तो या खिळीभोवती. हाडाला हाड बांधणाऱ्या अस्थिबंधांनी ती जागेवर धरलेली असते. चिवावा, यॉर्कशायर टेरियर, पॉमेरेनियन, टॉय पूडल अशा चिमुकल्या जातींत पुष्कळदा ही खीळ जन्मतःच अपुरी असते, किंवा नसतेच. मग साधी उडीसुद्धा पुरते. दुसरा मणका वर उचलला जातो आणि मज्जारज्जू दाबला जातो. मान खाली वाकवली की दाब आणखी वाढतो. चिंगीची हनुवटी छातीकडे दाबली तेव्हा हेच झालं. दाब फारच वाढला तर श्वास बंद पडतो.

हे लाडावलेल्या कुत्र्यांचंच दुखणं आहे असं मात्र समजू नये. गाडीची धडक बसली तर कुठल्याही गावठी कुत्र्याची ही खीळ मोडू शकते.

उपाय दोन. पहिला म्हणजे जबड्याखालून छातीपर्यंत ताठ पट्टा आणि निदान सहा ते आठ आठवडे पिंजऱ्यात विश्रांती. सौम्य त्रास असेल तर काही जनावरं यावर सावरतात, पण सांधा सैलच राहतो आणि दुखणं उलटू शकतं. दुसरा उपाय शस्त्रक्रिया. पूर्वी वरच्या बाजूने, मणक्याच्या कमानीखालून तार ओवून दोन्ही मणके बांधत. ती तार मज्जारज्जूला खेटून जाते आणि पुढे तुटूही शकते. आता बहुतेक ठिकाणी गळ्याच्या बाजूने जातात. कुत्र्याला उताणं निजवायचं, श्वासनलिका अलगद बाजूला करायची, सांध्यावरचं कूर्चेचं आवरण खरवडायचं, खांद्याच्या हाडातला थोडा चुरा तिथे भरायचा आणि दोन्ही मणक्यांतून स्क्रू घालून वर बोन सिमेंट लावायचं. माणसांच्या गुडघेबदलीत वापरतात तेच सिमेंट. ते घट्ट होताना तापतं, म्हणून त्यावर थंड सलाइन सोडत राहावं लागतं. चिंगीचे स्क्रू दीड मिलिमीटरचे होते. ते दोन-तीन मिलिमीटर चुकले तर थेट मज्जारज्जूत. म्हणून आधी सीटी स्कॅन हवा आणि सराव झालेला हात हवा. भूल देताना नळी घालतानाही मान सरळ धरायला एक माणूस लागतो. एवढं करूनही जोखीम राहतेच. संमतिपत्रावर सही करण्याआधी सर्जनने ती मला स्वच्छ शब्दांत सांगितली.

ही सही मी मुंबईत केली. त्या आठवड्यात इंदुरात मला कुठेही ही सोय सापडली नाही. रेल्वेत कुत्रा सोबत न्यायचा तर पहिल्या वर्गाचा आख्खा कूपे किंवा केबिन, म्हणजे बंद खोली, आरक्षित करावी लागते, नाहीतर तो गार्डच्या डब्यातल्या डॉगबॉक्समध्ये जातो. मान सुटलेलं जनावर डॉगबॉक्समध्ये? शेवटी टॅक्सी केली. जवळपास सहाशे किलोमीटर चिंगीचं डोकं आणि तो पुठ्ठा मी दोन्ही हातांनी धरून होते. सेंधव्याच्या घाटात प्रत्येक वळणाला तिचा श्वास मोजत होते. एक एफडी मोडली. एका नातेवाइकांनी विचारलं, कुत्र्यासाठी इतकं? आमच्या देवघरात खंडोबाचा टाक आहे, होळकरांचं कुलदैवत तेच आमचं. त्या टाकावर घोड्याच्या पायाशी कुत्रा कोरलेला आहे. मी त्यांना तो दाखवला.

माझ्याकडे मोडायला एफडी होती. आमच्या गल्लीतल्या काळूकडे काय होतं? दिवाळीनंतर एका गाडीने त्याला उडवलं. पोरांनी मायेनेच उचललं, एकाने पुढचे पाय धरले, एकाने मागचे. मान मधे लोंबकळत होती. स्कूटरवर दवाखान्यात पोचेपर्यंत त्याचा श्वास थांबला होता. त्याची खीळ मोडली होती का, ते कोणी पाहिलं नाही. पण फळी होती कुणाकडे? आणि मान धरायची असते हे मला तरी चिंगीच्या आधी कुठे ठाऊक होतं?

महोदय, महूचं महाविद्यालय १९५५ पासूनचं आहे आणि इंदूरपासून पंचवीस किलोमीटरच्या आत आहे. आपल्याला नवी जागा शोधायची नाही. तिथे मणक्याच्या शस्त्रक्रियेचा चोवीस तासांचा कक्ष असावा. जनावरांसाठी सीटी स्कॅन, शस्त्रक्रिया चालू असताना हाड दाखवणारं सी-आर्म यंत्र, आणि दीड-दोन मिलिमीटरच्या स्क्रूंचा कायमचा साठा तिथे हवा. सर्वांत आधी, दोन तरुण सर्जनना ही शस्त्रक्रिया नेहमी होते अशा ठिकाणी काही महिने पाठवावं. यंत्र एका निविदेत येतं, हात तयार व्हायला वेळ लागतो. शुल्क उत्पन्नाप्रमाणे असावं, आणि बेवारस जनावराचं काहीच नसावं.

१९६२ या क्रमांकावर फोन केला की येणाऱ्या पशुचिकित्सा गाड्यांमध्ये एक हलकी फळी आणि चार पट्टे ठेवायला तर फार खर्चही नाही. त्यांच्या डॉक्टरांना एक दिवसाचं प्रशिक्षण द्या : अपघात झालेल्या किंवा मान ताठ धरलेल्या कुत्र्याची मान वाकवून पाहायची नाही, गळपट्टा काढायचा, फळीवर बांधायचं, मग हलवायचं. फळीची सोय येत्या पावसाळ्याआधी होऊ शकते. ती करावी अशी कळकळीची विनंती आहे.

चिंगी आता चालते. डावा पुढचा पाय किंचित घासत टाकते, त्यामुळे त्या पंजाची नखं लवकर झिजतात. गळपट्टा कायमचा बंद, छातीचा पट्टा घालते. दिवाण काढून आम्ही जमिनीवर गादी टाकली आहे. तिचे आधीचे आणि नंतरचे एक्स-रे, सीटीची डिस्क, सगळं माझ्याकडे नीट ठेवलेलं आहे. महूच्या विद्यार्थ्यांना पाहायचं असेल तर कळवावं, मी तिलाही सोबत घेऊन येईन.

आपली नम्र,
रामबागेतील एक रहिवासी, इंदूर