पंधरा वर्षांची गाडी: आधी खालचा पत्रा तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पंधरा वर्षे पूर्ण होत आलेल्या घरच्या गाडीचे काय करायचे, हा प्रश्न मुंबईतल्या अनेक घरांत बहुधा एकाच हिशेबाने निकालात काढला जातो. दुरुस्तीचे बिल गाडीच्या बाजारभावापेक्षा जास्त झाले, की गाडी विकून मोकळे व्हायचे. हा हिशेब मला चुकीचा वाटतो आणि त्यात घरांचे नुकसान होते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आमची पेट्रोलवर चालणारी छोटी गाडी डिसेंबर २०१० मधली. पंधरा वर्षांनी कराव्या लागणाऱ्या नोंदणीच्या नूतनीकरणाआधी मिस्त्रींनी क्लचप्लेट, पुढचे दोन्ही शॉकअप, रेडिएटर आणि एसीचा कंडेन्सर असे मिळून ६२,००० रुपयांचे काम सांगितले, तर जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने तिचे ५५,००० रुपये देऊ केले. आता हिच्यावर खर्च करणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे, असे जवळजवळ सर्वांचेच मत पडले. परंतु त्या ५५,००० रुपयांत दारात दुसरी गाडी उभी राहत नाही. नव्या गाडीसाठी ५ लाखांचे कर्ज ९ टक्के व्याजाने ५ वर्षांसाठी काढले, तर महिन्याचा हप्ता सुमारे १०,३८० रुपये बसतो. म्हणजे ज्या बिलाची एवढी धास्ती घेतली, ते जेमतेम सहा हप्त्यांचे आहे. आईला आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीला नेण्यापुरती वापरली जाणारी, वर्षाला चार हजार किलोमीटरही न धावणारी गाडी त्यानंतर दोन वर्षे नीट चालली तरी पैसे वसूल होतात. नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले आणि त्यावर पर्यावरण कर आहे, तो धरूनही निष्कर्ष बदलत नाही.

मात्र या हिशेबाच्याही आधी एक गोष्ट पाहायला हवी, ती म्हणजे गाडीचा खालचा पत्रा. मुंबईची खारी, दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस गाडीला खालून खातो. दारांच्या व फुटबोर्डच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी भोके असतात. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत ती पालापाचोळ्याने बुजतात आणि पाणी आतच मुरते. मिस्त्रींनी आमची गाडी लिफ्टवर चढवली आणि स्क्रूड्रायव्हरचे टोक जागोजागी दाबून पाहिले. चालकाच्या पायाखालच्या भागात रंगाचे पापुद्रे निघाले, पण आतला पत्रा टणक होता. त्याच आठवड्यात माझ्या मावसभावाची गाडी, वयाने आमच्यापेक्षा दोन वर्षे लहान, वर रंग चकचकीत, त्याच लिफ्टवर चढली आणि मागच्या सस्पेन्शनच्या, म्हणजे चाकांवरचा भार पेलणाऱ्या भागाच्या, जोडापाशी टोक थेट आरपार गेले. गंजाचा भुगा मिस्त्रींच्या हातावर पडला. तिथे पत्र्याचा तुकडा वेल्ड करून वर काळा रंग मारणारे पुष्कळ भेटतात. मिस्त्रींनी ते काम करायला साफ नकार दिला, आणि मावसभावानेही ती कोणाच्या गळ्यात न मारता नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात दिली. (असे केल्यावर आरसी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र, रद्द करून घेणे विसरू नये.)

दुरुस्तीने जे कधीच मिळणार नाही, त्याचाही विचार व्हायला हवा. चालकासमोरची एअरबॅग सर्व नव्या मोटारींना १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. आमच्या गाडीला ती नाही आणि बसवूनही घेता येत नाही. आम्ही ६२,००० रुपये खर्च केले, २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा जुन्या रबरावर होणारा परिणाम लक्षात घेऊन इंधनाच्या रबरी नळ्याही बदलल्या, पण एअरबॅग नाही म्हणून गणपतीला चिपळूणला या गाडीने जायचे नाही, असे ठरवले. ज्या घराची गाडी दर महिन्याला महामार्गावर धावते, त्या घराने इंजिन उत्तम असले तरी ती बदलावी, असे मी आग्रहाने सांगेन.

परिवहन विभागाला माझी एक विनंती आहे. नूतनीकरणासाठी गाडी दाखवल्यानंतर आम्हा मालकांच्या हाती आले, ते फक्त पुढच्या पाच वर्षांची मुदत असलेले आरसी. गाडी खालून उचलून तपासली जावी आणि ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शनचे जोड व तळाचा पत्रा यांची स्थिती भागवार लिहिलेला कागद मालकाला मिळावा. तो नसल्यामुळे आम्हाला मिस्त्रीच्या प्रामाणिकपणावर विसंबावे लागले. आमचे मिस्त्री प्रामाणिक निघाले. मावसभावाला त्याआधीच्या गॅरेजमध्ये त्याच सडलेल्या पत्र्यावर ४०,००० रुपयांच्या डेंटिंग-पेंटिंगचा अंदाज लिहून मिळाला होता.

– एक वाचक, माहीम, मुंबई