माळ्यावरचं सामान आठ दिवस आधी खाली काढा

संपादक महाशय,

स. न. वि. वि.

परतीचा पाऊस ओसरायला लागला की बेळगावात गल्लोगल्ली पोरं मातीचे किल्ले बांधायला घेतात आणि मोठ्यांना खऱ्या किल्ल्यांचे वेध लागतात. राजहंसगडावर सकाळची चक्कर मारायची तर पायात काय आहे याने फारसं बिघडत नाही. पारगड, कलानंदीगड किंवा जांबोटी-कणकुंबीच्या अंगाला मुक्कामी जायचं असेल, तर मात्र माळ्यावरचं ट्रेकिंगचं सामान निघायच्या आदल्या रात्री काढून भागत नाही. आपल्याकडचं सामान डोंगरात जितकं झिजतं, त्याहून जास्त माळ्यावर कुजतं. चार महिने घरात कोंडलेली ओल त्याला पुरते.

सगळ्यात जास्त फसवतात ते बूट. बऱ्याच ट्रेकिंग बुटांत खालचा रबरी तळ आणि वरचा भाग यांच्यामध्ये पॉलियुरेथेनचा, म्हणजे फोमसारख्या प्लास्टिकचा, मऊ थर असतो. हवेतल्या बाष्पाने या थराची वीण आतून उसवत जाते, बूट न वापरताही. म्हणून चार-पाच वर्षांपूर्वीचा, दिसायला कोरा करकरीत बूट दुसऱ्याच चढावर तळ सोडून देतो. तपासायला दोन मिनिटं लागतात. त्या थरावर बाजूने अंगठ्याचं नख दाबा. भुकटी सुटली, किंवा बूट वाकवल्यावर बारीक भेगा दिसल्या, की तो बाद. चांभाराकडे नेऊन उपयोग नाही. डिंक कितीही चांगला असला तरी तो धरणार कशाला, मधला थरच पिठासारखा झालेला असतो. वाटेतच तळ सुटला तर चिकटपट्टीच्या नादी लागू नका, ओल्या बुटावर ती टिकत नाही. चार-पाच मीटर बारीक नायलॉन दोरी पिशवीत ठेवावी. चवड्याखालून दोन वेढे, घोट्यामागून एक, गाठ वरच्या बाजूला. एवढ्यावर गाडीपर्यंत पोहोचता येतं.

तंबू उघडल्याबरोबर आंबट, ओकारीसारखा वास आला आणि कापड बोटाला चिकटलं, तर आतला पाणीरोधक लेप सडलाय असं समजा. तो घरी दुरुस्त होत नाही. नुसती शिवणीवरची पट्टी सुटली असेल तर होतो: जुनी पट्टी सोलून काढा, शिवण स्पिरिटने पुसा, आतून सीलंटचा (शिवणीची भोकं बुजवणाऱ्या चिकट लेपाचा) पातळ हात द्या आणि रात्रभर वाळू द्या. सिलिकॉनचा लेप असलेल्या कापडाला सिलिकॉनचंच सीलंट लागतं, दुसरं पापुद्र्यासारखं निघून येतं. विकत घेताना हे विचारायचं कुणालाच सुचत नाही.

सकाळी तंबूत पाणी दिसलं की लोक ‘तंबू गळतो’ म्हणतात. पुष्कळदा ते आपल्याच श्वासाचं दव असतं. थंडी वाजते म्हणून सगळ्या जाळ्या बंद केल्या की ते हमखास साचतं. वरची झडप उघडी ठेवा. दुसरी चूक खाली अंथरलेल्या प्लास्टिकची. ते तंबूच्या तळापेक्षा चारी बाजूंनी दोन-दोन इंच आत असावं. बाहेर डोकावलं की वरून ओघळलेलं पाणी त्यावर साचतं आणि थेट पाठीखाली येतं.

जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे सपाट कातळावर, खुंटी चार बोटंसुद्धा आत जात नाही. वाकवत बसू नका. दोरीच्या टोकाला मुठीएवढा दगड बांधा आणि त्याच्यापुढे, तंबूच्या बाजूने, दोरीवर डोक्याएवढा धोंडा ठेवा. ओढ बसली की लहान दगड मोठ्याला अडकून राहतो. ऑक्टोबरात दुपारनंतर गडगडायला लागलं तर उघड्या सड्यावर मुळीच थांबू नये. आणि भीमगड अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीवाचून पाऊल टाकू नये. तिथे गवा आणि अस्वल आहे, तंबूचं कापड त्यांना अडवत नाही.

विजेरीतले सेल काढायचे राहिले असतील तर पत्र्यावर पांढरी बुरशीसारखी पूड दिसेल. लिंबाचे दोन थेंब कापसावर घेऊन पुसा, मग कोरडं करा. परत आल्यावर तंबू आणि स्लीपिंग बॅग त्यांच्या घट्ट पिशवीत कोंबू नका. सावलीत खडखडीत वाळवून जुन्या सुती अभ्र्यात सैल ठेवा, माळ्याऐवजी कपाटात. घोंगडीलाही हाच नियम, फक्त तिथे कसर लागते म्हणून कडुनिंबाचा पाला.

दिवाळीच्या सेलमध्ये निम्म्या किमतीत बूट घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. खोक्यावर किमतीच्या चिठ्ठीतच निर्मितीचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं. तीन-चार वर्षं गोदामात पडलेला जोड तितकाच म्हातारा झालेला असतो. दुकानदारांनी ही तारीख स्वतःहून दाखवावी. ते दाखवत नसतील तर गिऱ्हाइकाने खोकं उलटं करून वाचावी.

— काही डोंगरभटके, बेळगाव