२९३ने भाग जातो, मिनू

चि. मिनू,

काल फोन रागानेच ठेवलास, कळलं मला. संख्येचा विषय काढायचा नाही असं ठरवूनच लिहायला बसले. पण १०,००,००९ ही तू म्हणतेस तशी मूळ संख्या नाही गं. २९३ × ३४१३. गुणून बघ.

कुठे थांबलीस तेही तूच सांगितलंस. ९७पर्यंत भागलंस, दर वेळी बाकी उरली, म्हणून सोडून दिलंस. वर्गमूळ हजाराच्या जरा पुढे, तिथपर्यंत जावंच लागतं. हजाराच्या आत १६८ मूळ संख्या, पण सगळ्या कशाला? ही संख्या १०००² + ३² आहे आणि १०००, ३ यांना सामाईक अवयव नाही. म्हणून तिच्या प्रत्येक मूळ अवयवाला ४ने भागलं की बाकी १च उरते. ५, १३, १७, २९ अशा हजाराच्या आत ८०च. त्यांत ९७ अकरावी, २९३ एकोणतिसावी. अजून अठरा भागाकार, मिनू. अठराच.

बघ, पुन्हा शिकवायला लागले. माफ कर. एकोणतीसचा पाढा अडला की तू तिसाच्या पाढ्यातून एक, दोन, तीन वजा करत शेवटपर्यंत जायचीस. कुणी सांगितलं नव्हतं. अण्णांना केवढं कौतुक होतं त्याचं! ती मुलगी ९७ला कशी थांबली, हेच मनातून जात नाही.

थोर गणितज्ञ ऑयलरनेही ही संख्या आधी मूळ मानली होती. १७७८मध्ये, दृष्टी जवळजवळ गेलेली असताना, त्याने स्वतःच ती चूक सुधारली. ४ने भागून १ उरणारी मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत एकाच प्रकारे मांडता येते. दुसरी जोडी मिळाली की ती मूळ नाहीच. शोधायची कशी? शेवटचा अंक ९ आहे. वर्गांच्या शेवटच्या अंकांतून ९ येतो तो ०+९ किंवा ४+५ यांतूनच, म्हणजे जोडीतल्या एकीला ५ने भाग जायलाच हवा. ५, १०, १५ अशा संख्यांचे वर्ग १०,००,००९मधून वजा करत जा. २३५ला ९,४४,७८४ उरतात. ९७२चा वर्ग!

आता दोन्ही जोड्यांतल्या समातून सम, विषमातून विषम: १०००−९७२=२८, २३५−३=२३२, मसावि ४. बेरजा १९७२ आणि २३८, मसावि ३४. दोन्ही मसाविंचे निम्मे २ आणि १७; त्यांच्या वर्गांची बेरीज ४+२८९=२९३. इथे सम-विषमाची सरमिसळ केलीस तर मसावि ५१ आणि ६५ येतात, निम्मे करताना अपूर्णांक येतो आणि सगळं फसतं.

चुकलीस याचं मला काही नाही. चूक सापडल्यावरही तू ती झाकशील, याची भीती वाटते. झालं, पुन्हा तेच. सोमवारी सरांना स्वतःहून सांग, भागाकाराचं पान दाखव. सांगितलंस की फोन कर. नाही सांगितलंस तरी कर.

तुझी,
आई