अस्सल छापचित्र पुठ्ठ्यावर चिकटवल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा व्यवस्थापक

विषय: फ्रेम करून पाठवलेली रेल्वेची दोन जुनी छापचित्रे

महोदय/महोदया,

गेल्या महिन्यात मी तुमच्याकडून अमेरिकेतील रेल्वेच्या इतिहासाची दोन छापचित्रे फ्रेमसह मागवली. दोन्हींच्या वर्णनात ‘अस्सल, त्या काळातील’ असे लिहिले होते. त्यांतले एक नकली निघाले, दुसरे अस्सल. माझी मोठी तक्रार अस्सल चित्राबद्दल आहे.

आधी नकली. ‘अक्रॉस द कॉन्टिनेंट’ हे न्यूयॉर्कच्या करियर अँड आइव्हज या चित्रप्रकाशकांचे 1868 चे शिळाछाप (दगडावर रेखाटून छापलेले चित्र), फॅनी पामर या चित्रकर्तीने रेखाटलेले. न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को असे गाडीवर लिहिलेले आहे, आणि तो लोहमार्ग तेव्हा अजून जोडलाही गेला नव्हता! म्हणूनच मला ते हवे होते. भिंगातून पाहिले तर रांगेत मांडल्यासारखे रंगीत ठिपके. शिळाछापात दगडाचा ओबडधोबड कण दिसतो, आणि हाताने भरलेला रंग कुठेतरी रेघ ओलांडतो. ठिपक्यांची रंगीत छपाई 1868 मध्ये नव्हतीच. शिवाय मूळ चित्र साधारण 17 बाय 27 इंचांचे. तुमचे त्याच्या निम्मेही नाही. हे परत घ्या आणि पूर्ण रक्कम द्या.

दुसरे चित्र म्हणजे ‘हार्पर्स वीकली’ या अमेरिकी साप्ताहिकाच्या जून 1869 च्या अंकातले पान. 10 मे 1869 रोजी युटामधील प्रोमोंटरी येथे दोन्ही बाजूंचे रूळ जुळले, तो प्रसंग. असे मोठे चित्र लाकडी ठसे एकमेकांना जोडून छापत; ते जिथे जोडले होते तिथली बारीक पांढरी रेघ, म्हणजे अस्सलपणाची खूण, मला दिसली आणि फार आनंद झाला. मग मी फ्रेम मागून उघडली. पान पूर्णपणे साध्या पुठ्ठ्यावर चिकटवलेले होते. माउंटमध्ये (चित्राभोवतीच्या जाड कागदी चौकटीत) बसावे म्हणून वरची पट्टी कापली होती, म्हणजे साप्ताहिकाचे नाव आणि तारीखच गेली. मागच्या बाजूची छपाई गोंदाखाली गेली. पान खरे आहे हे पडताळण्याची ती मोठी खूण असते. पुठ्ठ्यातले आम्ल कागदात उतरते, कागद तपकिरी होतो, मग तुकडे पडतात. दीडशे वर्षे टिकलेला कागद तुमच्या हातात येऊन बिघडला, याचे मला मनापासून दुःख झाले आहे.

‘चिकटवले की चित्र सपाट राहते,’ असे तुमच्या प्रतिनिधीने फोनवर सांगितले. जुना कागद थोडासा लहरतोच, त्याला लहरू द्यायचे असते. वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन पट्ट्या, गव्हाच्या स्टार्चची खळ आणि आम्लरहित माउंट एवढे पुरते. ही खळ पाण्याने सुटते.

हे पान मी परत करणार नाही. तुम्ही ते पुन्हा तसेच विकाल अशी भीती वाटते. कागद-संवर्धकाकडून ते पुठ्ठ्यापासून सोडवण्याचा खर्च तुम्ही द्यावा. कापलेली पट्टी तुमच्या फ्रेम करणाऱ्याकडे अजून असेल तर कृपया आजच शोधायला सांगा. ती चिंधीएवढी असली तरी मला हवी आहे.

दोन्ही चित्रांची भिंगातून घेतलेली छायाचित्रे आणि पावती सोबत जोडली आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावे.

आपली,
एक ग्राहक